खालची बाजू

१

गाडीची खालची बाजू कुणी बघत नाही, म्हणून जगात एवढी लबाडी चालते, असं सोमा इवाओचं ठाम मत होतं. एक्केचाळीस वर्षं तो हे मत येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत होता. गिऱ्हाईक हो हो म्हणायचं आणि घड्याळाकडे बघायचं.

त्सुगारूच्या त्या किनाऱ्यावर गाडीला मारही तसाच. वरून बर्फ, समोरून समुद्राचा खारा वारा, आणि खालून रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून सरकारी ट्रक टाकत जातात ते मीठ. नव्या गाडीला पाचव्या हिवाळ्यात फोड येतात, जुनीचं तर विचारूच नका. म्हणून दर नोव्हेंबरात, बर्फ पडायच्या आत, अख्खं गाव इवाओकडे यायचं. तो गाडी लिफ्टवर चढवायचा, खालची बाजू गरम पाण्याने धुवायचा, दोन दिवस पंखे लावून वाळवायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, मग गंज मारायचं औषध, आणि सगळ्यात शेवटी काळा थर. त्या दोन दिवसांवर कुणी घासाघीस केली की तो किल्ली परत हातात द्यायचा. ओल्या गंजावर काळं फासलं की गंज आत कोंडतो आणि कुणाला न कळता लोखंड खात बसतो. वरून कीर्तन, आतून तमाशा.

आणि नेमकं हेच ते हायवेवरचं नवीन दुकान करत होतं. चाळीस मिनिटांत गाडी काळी करून हातात. वर दाराशी भलामोठा फलक, 'पाच वर्षं खाली बघायला नको!' त्या फलकासमोरून जाताना इवाओ दर वेळी काच खाली करून शिवी हासडायचा, बाहेर रक्त गोठवणारी थंडी असली तरी.

"खाली बघायला नको म्हणे! मग बघायचं कधी? चाक निखळल्यावर?"

"अहो, काच वर करा," शेजारी बसलेली त्याची बायको तोशी म्हणायची. "तुमच्या शिव्यांनी त्यांचा फलक पडत नाही. माझं नाक मात्र गळतं."

त्याने स्वतः कुणाला कधी हमी दिली नाही. 'टिकेल ना हो?' असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "पुढच्या नोव्हेंबरात आण. बघू."

दर जूनमध्ये गावच्या देवळातून घरोघर पाकीट यायचं. त्यात दोन कागद. एक माणसाच्या आकाराचा, एक गाडीच्या. माणसाच्या कागदावर आपलं नाव आणि वय लिहायचं, तो अंगावरून फिरवायचा आणि त्यावर तीनदा फुंकर मारायची. गाडीच्या कागदावर गाडीचा नंबर लिहायचा आणि तो गाडीवरून फिरवायचा. मग पाकीट परत देवळात. जे काही वाईट यायचं ते कागदावर घेतलं जातं, आणि पुजारी ते कागद नदीत सोडतात. तोशी दोन्ही कागद न चुकता भरायची. इवाओ दर वर्षी चिडायचा.

"कागद फिरवून गंज जात असता तर मी काय झक मारायला ब्रश धरलाय?"

"तुम्ही ब्रश धरा. मी कागद धरते. दोघं मिळून टिकवू," तोशी म्हणायची, आणि त्याच्याच पाठीवरून कागद फिरवून मोकळी व्हायची.

२

फेब्रुवारीतल्या एका सकाळी फोन आला. बंदराजवळच्या वळणावर कासाई तेइजीची गाडी घसरून बर्फाच्या गटारात गेली होती. हिवाळ्यात असले फोन रोजचेच. इवाओने टोचनाची साखळी घेतली आणि निघाला.

तेइजी म्हणजे त्याचा लहानपणचा मित्र. एका बाकावर शिकले, दोन हिवाळे एका बोटीवर माकूल पकडायला गेले. इवाओच्या तोंडी तो 'तेइ' आणि त्याच्या तोंडी हा 'इवा'. ती गाडी मात्र तेइजीच्या बायकोची, मित्सुएची. सत्तावीस वर्षांची चिमुकली पांढरी व्हॅन, टपावर कर्णा. त्यातून मित्सुए गावोगाव वाळवलेलं आणि भाजलेलं माकूल विकत फिरायची. तिला जाऊन या मार्चमध्ये चार वर्षं होणार होती. ती गेली त्या वर्षीच्या नोव्हेंबरात इवाओने व्हॅनला शेवटचा थर दिला होता. त्यानंतर तेइजी फिरकलाच नाही. पहिल्या वर्षी फोनवर म्हणाला, "यंदा राहू दे." दुसऱ्या वर्षी फोनही नाही. दोन वर्षांनी येणारी सरकारी तपासणीसुद्धा तो परस्पर शहरात जाऊन करून आला. इवाओने मनाची समजूत घातली, माणूस दुःखात आहे, त्याला काय गाडीचं सुचणार!

व्हॅन एका अंगावर कलली होती. एरवी झाकलेलं पोट उघडं पडलं होतं. तीन हिवाळे बिनथराचे, आता खाली चाळणी झाली असणार, असं म्हणत इवाओ गुडघ्यावर बसला, टॉर्च मारली आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

चासी काळीभोर होती. एक फोड नाही, एक ओघळ नाही. सायलेन्सरच्या पट्ट्यासुद्धा धड. हे चाळीस मिनिटांवाल्याचं काम नव्हतं. कुणीतरी धुऊन, वाळवून, घासून, मनापासून केलं होतं.

तो तरातरा पुढे गेला आणि काचेवर मूठ आपटली. तेइजीने काच दोन बोटं खाली केली.

"उतर खाली."

"नको रे. पाय गारठलेत. तू ओढ तशीच."

"कुणाकडून करून घेतलंस?"

"काय?"

"काय म्हणे! खालचं! तीन वर्षं मी वेड्यासारखी वाट बघतोय, म्हटलं तेइ सावरला की येईल. आणि तू दुसऱ्याच्या दारात! साठ वर्षांची ओळख, तेइ, साठ! सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला?"

"मी कुणाकडेच गेलो नाही, इवा."

"तोंडावर खोटं बोलतोस?"

तेइजीने काच परत वर केली. त्याचा चेहरा उतरला होता आणि तो समोरच्या काचेतून समुद्राकडे बघत राहिला. इवाओने रागारागात साखळी लावली आणि व्हॅन ओढून काढली, तेइजीला आत बसवूनच. स्टिअरिंग एका बाजूला ओढत होतं, तेव्हा गाडी गॅरेजात न्यावी लागणार होती. वाटेत तेइजीचं घर लागलं.

"मी इथे उतरतो," तेइजी म्हणाला. "तू पुढे बस जाऊन. बघत उभा राहू नकोस."

"तुझं काय बघायचंय मला!" इवाओ म्हणाला आणि पाठ फिरवून आपल्या गाडीत बसला.

मागे दार उघडल्याचा आवाज आला. मग तेइजी चालत गेल्याचा. अंगणातला बर्फ काढलेला होता, खाली नुसती फरशी होती, आणि तेइजीच्या पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट होते. रबराचा आवाज मऊ येतो. हा आवाज जुना सायलेन्सर फरशीवरून ओढत न्यावा तसा येत होता, थांबून थांबून. बर्फ काढायचं फावडं ओढत नेत असेल, इवाओने स्वतःला सांगितलं. मागे वळून बघायचं नाही एवढं त्याने रागातच ठरवलं होतं, म्हणून बघितलं नाही.

३

गॅरेजात त्याने व्हॅन लिफ्टवर घेतली. आता सावकाश बघू, कोण हा हुशार.

हुशार कोण ते पाच मिनिटांत कळलं. ब्रशाचे फटकारे उजवीकडून डावीकडे होते. त्या किनाऱ्यावर डाव्या हाताने थर देणारा एकच माणूस होता. चासीच्या जोडांत आधी बोटाने थर भरून मग ब्रश फिरवायची खोड होती, तीही एकाचीच. इवाओ मान वर करून बघत राहिला. काम त्याचंच होतं.

बरं, म्हणजे कुणी नवीन थर दिलेलाच नाही. तेइ खरं बोलला. सव्वातीन वर्षांपूर्वीचा आपलाच थर टिकला! क्षणभर त्याची छाती फुगली, पण बुद्धी गप्प बसेना. थर टिकला तरी त्यावर खडे लागतात, मीठ चढतं, तो पांढुरका पडतो, चरे जातात. एक्केचाळीस वर्षांत त्याचा एकही थर असा राहिला नव्हता.

काम संपलं की मागच्या आडव्या पट्टीच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, तो ओल्या थरात डावा अंगठा दाबायचा. अंगठ्यावर लहानपणी माकूल चिरताना झालेला तिरका वण होता. त्याने टॉर्च तिथे नेली. अंगठा होता, तिरक्या वणासकट.

त्याने त्या ठशाला बोट लावलं. बोट काळं झालं.

थर ओला होता.

थराला साय धरायला एक दिवस लागतो. हा त्या दिवशी संध्याकाळी दाबला तसाच होता, चिकट, चकचकीत, औषधाचा ताजा वास येणारा. इवाओने ते बोट कितीतरी वेळ चिंधीला पुसलं. मग तो मोठ्याने म्हणाला, "डबा खराब आला असणार." मग म्हणाला, "थंडीने वाळला नसेल." मधे तीन उन्हाळे गेले होते, हे गॅरेजात कुणी त्याला सांगायला नव्हतं.

स्टिअरिंग बघायला तो आत बसला, तेव्हा त्याच्या बुटाखाली काहीतरी चुरचुरलं. ड्रायव्हरच्या पायाखालच्या चटईवर लालसर भुगा पडला होता, आणि भुग्यात पापुद्रे. गंजाचे. असे पापुद्रे त्याने आयुष्यात टोपल्या भरभरून पाडले होते. म्हणजे वरून कुठेतरी गळतंय. त्याने डॅशबोर्डाखाली हात घातला, पेडल तपासलं, सीटची पट्टी चाचपली. सगळं लोखंड लख्ख. अख्ख्या गाडीत गंजाचा एक ठिपका नव्हता, आणि गंज तर ओंजळभर सांडलेला.

त्याने एक पापुद्रा उजेडात धरला. त्यात एक पांढरा केस रुतलेला होता. आखूड, सरळ. कुत्र्याचा असेल. तेइजीने कुत्रा कधी पाळला नव्हता.

त्याने घाईघाईने किल्ली फिरवली. इंजिन लागलं आणि टपावरचा कर्णा एकदम बोलला.

"भाजलेलं माकूल, वाळवलेलं माकूल! मित्सुए आली हो, मित्सुए आली!"

इवाओने किल्ली बंद केली. टेप, फक्त जुनी टेप.

४

"चाळीस मिनिटांवाल्याला फोन केला होता मी," जेवताना इवाओ म्हणाला. "हसला तो. म्हणे, वीस वर्षांपुढची गाडी आम्ही दारातसुद्धा घेत नाही. बघ कसा माज आहे!"

तोशी माशाचे काटे काढत होती. "तुम्हाला त्या गाडीचंच पडलंय. माणूस बघितलात का?"

"बघितला की. तोंड लपवत होता."

"महिन्याभरापूर्वी मी सूप घेऊन गेले होते त्याच्याकडे. दारातूनच घेतलं त्याने. आणि अहो..." तिने हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "पायात बूट होते त्याच्या."

"मग? बाहेरून आला असेल."

"आतून आला. चटईवरून चालत. घरात बूट!" तोशी अजूनही त्या गोष्टीने चिडलेली होती. "मित्सुए असती तर झाडूने बदडलं असतं. मी बोलणार होते, पण खाली बघितलं तर चटईवर लाल भुगा. दारापासून आतपर्यंत, एक रेघ. मला म्हणाला, शेगडीची राख आहे."

"शेगडीची राख लाल असते होय?"

"तेच म्हणते मी. सार्वजनिक स्नानघरातही तीन वर्षांत आला नाही तो. तुम्ही विचारलंत कधी? कोण बुवा कुठल्या गॅरेजात गेला याची तुम्हाला चौकशी! मित्र तीन वर्षं आंघोळीला आला नाही, त्याचं काही नाही."

इवाओ सूप खारट झालंय असं म्हणाला. सूप खारट झालेलं नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी तो व्हॅन परत द्यायला गेला. हाक मारली तर आतून आवाज आला, "किल्ली दारात ठेव." इवाओने बूट काढले आणि सरळ आत शिरला.

तेइजी कोतात्सुत बसला होता, म्हणजे ज्याच्या पोटाला शेगडी असते आणि वरून दुलई टाकतात त्या बुटक्या टेबलाशी. दुलई कमरेपर्यंत ओढलेली. खोली कोंदट, गरम, आणि वास असा की इवाओला दारातच ओळखीचा वाटला. पाऊस खाल्लेल्या भंगाराचा वास. कोपऱ्यात मित्सुएचा फोटो आणि त्याच्यापुढे माकुलाचा वाळका तुकडा.

"ठेव म्हटलं ना दारात," तेइजी म्हणाला.

"मी गिऱ्हाईक नाही तुझं, तू माझं आहेस. सरक."

तो समोर बसला आणि पाय दुलईखाली घालायला गेला.

"पाय घालू नकोस!"

"का? घर माझं नाही म्हणून?"

"इवा, नको म्हणतोय ना."

तेइजीने आपले पाय आखडून घेतले. दुलईखाली करकर आवाज झाला, आणि पाठोपाठ काहीतरी चटईवर पडलं. छोटंसं, पातळ. इवाओने तो आवाज ऐकला. खराब चासीला नुसता हात लावला तरी पापुद्रा पडतो, तेव्हा अगदी असाच आवाज येतो.

भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. इवाओ मनात हिशेब जुळवत होता. म्हातारपण आहे, कातडी सुटते, एखादा रोग असतो, हट्टी माणूस डॉक्टरकडे जात नाही. सगळं पटण्यासारखं होतं. तेवढ्यात तेइजीने चहाचा पेला उचलायला हात पुढे केला आणि ओढलेली दुलई सैल झाली.

इवाओने ती उचलली.

आत शेगडीचा लाल उजेड होता. एक मोजा घोट्यापाशी गुंडाळलेला दिसला. मोज्याच्या वर जे होतं त्याला कडा होत्या. आणि नडगी असायला हवी तिथून आरपार, पलीकडच्या चटईची वीण दिसत होती.

तेइजीने दुलई हिसकावून खाली ओढली.

इवाओला ओरडायचं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"तीन वर्षं!" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "तीन वर्षं, तेइ! अख्ख्या गावाच्या गाड्या मी खालून बघतो आणि तू मला दाखवलं नाहीस?"

६

"दुखत नाही," तेइजी म्हणाला. "तेवढं चांगलं आहे."

"डॉक्टर?"

"त्याला काय सांगू? तूच सांग, काय सांगू?"

मग तो हळूहळू बोलला. मित्सुए होती तोवर जूनचं पाकीट तीच भरायची. ती गेली त्या वर्षी सुतक म्हणून पाकीट देवळात गेलंच नाही. पुढच्या जूनमध्ये आलं, तेव्हा तेइजी आयुष्यात पहिल्यांदा ते भरायला बसला. थोडी प्यायला होता. चष्मा सापडत नव्हता. माणसाच्या कागदावर त्याने गाडीचा नंबर लिहिला आणि गाडीच्या कागदावर आपलं नाव. गाडीखाली सरपटत जाऊन माणसाचा कागद चासीवरून फिरवला. गुडघे दुखत होते म्हणून गाडीचा कागद आपल्या नडग्यांवरून घासला, तीन फुंकरा मारल्या, आणि सायकलवरून पाकीट देवळात टाकून आला.

"नोव्हेंबरात तुझ्याकडे आणायच्या आधी म्हटलं, खाली बघू किती खराब झालीय," तो म्हणाला. "बघितलं तर तुझा थर ओला. त्या रात्री मोजा काढला, तर मोज्यात भुगा."

"अरे मग पुढच्या जूनमध्ये नीट लिहायचं! पेन मोडलं होतं का तुझं?"

तेइजीने मित्सुएच्या फोटोकडे बघितलं.

"पहिल्या वर्षी चूक झाली," तो म्हणाला. "दुसऱ्या वर्षी नाही."

इवाओ उठून उभा राहिला.

"एका पत्र्याच्या डबड्यासाठी? भंगारवाला फुकट नेणार नाही ते! मित्सुएचा आवाज हवाय ना तुला? ती टेप काढ, घरात लाव, रात्रंदिवस ऐकत बस!"

"लावून बघितली. घरात ती नुसती टेप असते, इवा. गाडीत लावली, दोन गावं फिरून आलो, की बायका दार उघडून बाहेर येतात. मित्सुए आली म्हणतात. मग लक्षात येतं त्यांच्या. पण तेवढा एक क्षण ती आलेली असते."

"आणि तू? तुला काय, विरघळून जायचंय?"

"मला वाटलं, मी आधी जाईन आणि गाडी मागे राहील. हिशेब बरोबर होता. पण आता..." त्याने दुलईवरून हात फिरवला. "आता क्लच दाबला जात नाही. काल म्हणूनच गेली गाडी गटारात. मी पायच देऊ शकलो नाही, तर तिला फिरवणार कोण?"

इवाओच्या डोक्यात तिडीक गेली. कुणावर चिडावं तेच कळेना. या येड्यावर, त्या कागदांवर, की मेल्यावरही गावोगाव माकूल विकणाऱ्या त्या बाईवर. स्वतःवर चिडायचं कारण तर तोशीने काल रात्रीच दिलं होतं.

"यंदाचं पाकीट मी भरणार," तो शेवटी म्हणाला. "तू पेनाला हात लावायचा नाहीस."

"मग गाडी जाईल."

"जाऊ दे! सत्तावीस वर्षांची आहे. जायलाच हवी होती."

तेइजीने दुलई मांडीवर सारखी केली. मग म्हणाला, "जून यायला चार महिने आहेत, इवा. चार महिन्यांनी काय उरेल?"

७

इवाओ दुसऱ्या दिवशी सकाळी आला तो गॅरेजचा डगला घालून. हातात ब्रश, औषधाची बाटली, काळ्या थराचा डबा आणि एक पंखा. हातोडी त्याने मुद्दाम मागे ठेवली होती. चासी कुठे पोकळ झाली ते तो हातोडीच्या आवाजावरून सांगायचा. आज त्याला तो आवाज ऐकायचा नव्हता.

"बाहेर बर्फ पडायला लागलाय," तो म्हणाला. "चल, पालथा हो. आणि तोंड बंद ठेव."

"तोशीला सांगितलंस?"

"सांगितलं. ती म्हणाली, आधी गरम पाण्याने धू."

त्याने धुतलं. पाणी लाल गेलं, मग आणखी लाल गेलं, आणि शेवटपर्यंत स्वच्छ झालंच नाही. पंखा लावला. मग त्याने तारेचा ब्रश हातात घेतला, एकदाच टेकवला आणि थांबला.

"घासू नकोस," तेइजी उशीत तोंड खुपसून म्हणाला. "घासलंस तर काही उरणार नाही."

हे इवाओला ब्रश टेकवताच कळलं होतं. गंज काढला तरच औषध लागतं, आणि गंज काढला तर इथे गंजाशिवाय काही नव्हतं. वाळवायचं म्हटलं तर दोन दिवस हवेत, आणि ओल आतून येत होती. एक्केचाळीस वर्षं तो ज्या कामाला शिव्या घालत आला, तेवढंच करण्यासारखं होतं. त्याने स्वतःला एक शिवी दिली, हळू आवाजात, आणि डबा उघडला.

उजवीकडून डावीकडे. जोडांत आधी बोटाने, मग ब्रश. हात सरावाने चालत राहिला आणि डोळे पाणावले, तेव्हा त्याने औषधाच्या वासाला दोष दिला. खिडकीतून बर्फाचा पांढरा उजेड येत होता. काळा थर बसला तसं ते पाय पायांसारखे दिसायला लागले. फार चांगले दिसायला लागले. हायवेवरच्या दुकानात ठेवावेत इतके चकचकीत.

काम संपलं. आणि सवयीने, विचार न करता, त्याने पोटरीच्या आतल्या अंगाला डावा अंगठा दाबला.

अंगठा आत गेला. जायला नको होता तेवढा आत गेला, आणि आत गार होतं.

त्याने तो सावकाश बाहेर काढला आणि भोक ब्रशाने बुजवलं. तेइजीला काही जाणवलं नव्हतं. तो उशीवर गाल टेकून फोटोकडे बघत होता.

"झालं?"

"झालं."

"चार महिने टिकेल ना? जूनपर्यंत?"

पुढच्या नोव्हेंबरात आण, बघू, हे शब्द इवाओच्या जिभेवर आले होते. ते त्याने गिळले.

"पाच वर्षं खाली बघायला नको," तो म्हणाला, आणि दुलई ओढून नीट पांघरूण घातलं.